भरती चढताना

उजाडायच्या आत किनाऱ्यावर पोचलो, कारण पूर्ण भरती साडेआठची. ओहोटीला किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी चिखलभर पांगतात, स्कोपमधूनही (तिवईवरच्या दुर्बिणीतून) नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की सगळे मागे सरकत वाळूच्या एका पट्ट्यावर गोळा होतात. जे काय बघायचं ते त्या दोनेक तासांत.

ऑक्टोबर म्हणजे दुर्मीळ काहीतरी मिळावं ही हाव असतेच. पण माझा बराच वेळ खाल्ला तो कर्ल्यू सँडपायपरच्या यंदाच्या पिल्लांनी. पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड, त्यामुळे पाठ खवलेदार. छातीवर हलकी बदामी झाक. मोठे पक्षी सायबेरियातून आधीच निघतात, ही पोरं मागाहून, वाट दाखवायला आईबाप नसताना येतात. कुठल्या वर्षी किती येणार, हे बरंचसं तिथल्या लेमिंगवर ठरतं. हा उंदरासारखा प्राणी मुबलक असला की कोल्हे त्यावरच पोट भरतात. तो घटला की मोर्चा घरट्यांकडे. आज खवलेदार पाठी पुष्कळ होत्या, म्हणजे तिथला उन्हाळा बरा गेला असावा.

पोरांच्या प्रवासाचं म्हणाल तर, २०२२ साली बार-टेल्ड गॉडविट या दुसऱ्या किनारपक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला १३,५६० किलोमीटर उडत गेलं. ११ दिवस, मध्ये कुठेही न उतरता. त्या वयात आपण पालथं पडायला शिकत असतो!

आठच्या सुमारास थव्याच्या कडेला एक थोराड, राखाडी पक्षी दिसला. चोच लांब, टोकाशी किंचित खाली वळलेली. स्कोप फिरवतोय तोच बहिरी ससाणा आला आणि अख्खा पट्टा उठला. उडताना त्या राखाडी पक्ष्याची कंबर पांढरी दिसली. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या रेड नॉटची करडी, रेघारेघांची असते, म्हणजे हा ग्रेट नॉट. दक्षिण कोरियानं सेमांगमच्या खाजणाला ३३ किलोमीटरचा बांध घातला, २००६ साली तो पुरा झाला. स्थलांतराच्या वाटेवरचा तिथला विसावा गेलेल्यांत ग्रेट नॉट फार मोठ्या संख्येनं होते. आज जात संकटग्रस्त आहे, त्यामुळे उगाच नोंद वाढवणं मला पटत नाही.

फोटो दोन, दोन्ही हललेले. वहीत ‘ग्रेट नॉट, १’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. ते खोडायचं तर छातीवरचे ठिपके नीट दिसायला हवेत. उद्याची भरती पन्नासेक मिनिटं उशिरा आहे.