संग्रहालयाच्या धीट इमारतीला मुंबईने घाबरू नये

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या उत्तर विभागासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०१४ साली अमेरिकन वास्तुरचनाकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. पांढऱ्या काँक्रीटची भरीव वास्तू, दालनांत नैसर्गिक प्रकाश उतरावा म्हणून तिच्यात कोरलेल्या खाचा, जुन्या आणि नव्या इमारतीला जोडणारे पावसाच्या पाण्याचे कुंड आणि त्या पाण्याखाली वीज तयार करणारी सौरपटले अशी ती कल्पना होती. ती आजतागायत प्रत्यक्षात आलेली नाही. १८७२ साली खुल्या झालेल्या इतक्या देखण्या, नक्षीदार वास्तूशेजारी असा पांढरा ठोकळा शोभला नसता, असे मत मी अनेकदा ऐकले आहे आणि ते मला पटत नाही.

काळा घोडा परिसराकडेच पाहावे. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, त्या जॉर्ज विटेट यांच्या इमारतीची पायाभरणी १९०५ मध्ये झाली, बांधकाम १९१४ मध्ये संपले, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय चालले आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये खुली झाली. विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट, इथलाच काळा आणि पिवळसर दगड आणि हे सारे एका स्कॉटिश माणसाच्या कागदावर एकत्र आलेले, म्हणजे तो त्या काळचा धीट प्रयोगच होता. पुढे १९५२ मध्ये त्याच आवारात जहांगीर कलादालन उभे राहिले, सरळ काँक्रीटचे, पुढे झेपावणारे लाटेसारखे छत असलेले. विटेट यांच्या दगडी कमानींशी त्या छताचे काहीही साम्य नाही, तरीही कोणी त्याला विजोड म्हणत नाही, आणि ‘जहांगीरला प्रदर्शन’ हे चित्रकारांच्या कित्येक पिढ्यांचे स्वप्न होऊन बसले. (तिथले समोवार उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले, याचे दुःख मात्र मला अजून आहे.)

इमारतीच्या बाह्य रूपाची सवय माणसांना होते, परंतु आतल्या अडचणींची होत नाही. पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्राचे नळ, वाहिन्या आणि सरकते जिने १९७७ मध्ये भिंतीबाहेर आणले गेले, तेव्हा तेलशुद्धीकरण कारखाना म्हणून त्याची संभावना झाली. पण त्यामुळे आतले प्रशस्त मजले मोकळे राहिले आणि हवे तसे मांडता आले. लूव्रच्या अंगणातल्या काचेच्या पिरॅमिडवरही असेच वादळ उठले होते, परंतु त्याने गर्दीला एकच ठळक प्रवेशद्वार आणि खाली प्रशस्त दालन दिले. दोन्ही ठिकाणी आकाराला काम होते.

याउलट न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाविषयी, ते १९५९ मध्ये खुले होण्यापूर्वीच, एकवीस कलावंतांनी निषेधाचे पत्र लिहिले होते, आणि त्यांचा आक्षेप सौंदर्याचा नव्हता, व्यवहाराचा होता: जमीन उताराची, भिंत वळणारी आणि मागे कललेली, मग चौकोनी चित्र सरळ टांगायचे कसे? हा प्रश्न मला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई दालनात नेहमी आठवतो. १९११ च्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचे बाह्यरूप जसेच्या तसे ठेवून वास्तुरचनाकार रोमी खोसला यांनी १९९६ मध्ये आत अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक रचली. जिन्याने वर जाताना खालच्या मजल्यावरचे शिल्प निरनिराळ्या उंचीवरून दिसते, आणि घुमटाखाली पोहोचल्यावर मिळणारा मोकळेपणा मला शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही दालनात मिळालेला नाही. मोठा कॅनव्हास त्या वक्र भिंतीवर अवघडतो हेही खरे, आणि मांडणी करणाऱ्यांची तक्रार रास्त आहे. तरीसुद्धा ते धाडस मला हवेसे वाटते, कारण त्याने मृतप्राय झालेल्या सभागृहाला पुन्हा माणसे दिली.

मुंबईत खरी परीक्षा पाऊस घेतो. अमेरिकेतल्या डेन्व्हर कला संग्रहालयाचा डॅनियल लिबेस्किंड यांनी रचलेला, तिरक्या टोकदार पृष्ठभागांचा विभाग २००६ मध्ये खुला झाला आणि त्याचे छत लवकरच गळू लागले. तेही तुलनेने कोरड्या हवेच्या गावात. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेल्या काळात खारा वारा असतो. पाटण्याच्या बिहार संग्रहालयाला जपानी वास्तुरचनाकार फुमिहिको माकी आणि मुंबईच्या ओपोलिस या वास्तुसंस्थेने गंजाचाच संरक्षक थर धरणारे पोलाद दिले, आणि तिथल्या हवेत ते शोभते. समुद्राकाठी क्षारांमुळे तो थर स्थिर होत नाही, म्हणून नरिमन पॉइंटवर तेच करणे चूक ठरेल. त्या संग्रहालयावरून झालेल्या वादातला मला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे दीदारगंजची यक्षी ही प्राचीन मूर्ती जुन्या पाटणा संग्रहालयातून हलवावी की नाही हा, कारण तिथे लोक वस्तूसाठी भांडत होते.

भायखळ्याच्या आराखड्यालाही मी असेच प्रश्न विचारले असते. पांढऱ्या काँक्रीटवर दोन पावसाळ्यांत शेवाळाचे काळे ओघळ येतील, ते धुण्याचा खर्च दर वर्षी कोण देणार? कुंडातले पाणी वाहते राहिले नाही तर डासांचे काय? संग्रहालयालगतच्या राणीच्या बागेतल्या जुन्या झाडांच्या मुळांपासून पाया किती दूर असेल? छतातल्या खाचांमधून येणारा प्रकाश कागदावरच्या जुन्या नकाशांना आणि चित्रांना सोसवेल का? ही उत्तरे समाधानकारक असतील, तर ती पांढरी वास्तू त्या जुन्या इमारतीशेजारी उभी राहावी असे मला आजही वाटते, आणि तिच्यासाठी पैसे मागताना इमारतीच्या देखभालीचा निधी पहिल्याच अंदाजपत्रकात मांडला जावा.