दूध, अळीव आणि न बसलेले पोट

स्तनपान समुपदेशकाला येणाऱ्या बहुतेक फोनांचे पहिले वाक्य ठरलेले असते, 'मॅडम, हिला दूधच येत नाही हो,' आणि ते बाळंतीण स्वतः क्वचितच उच्चारते. तिची सासू, आई किंवा नवरा बोलतो आणि ती मागे कुठेतरी रडत असते. अशा घरी जाऊन पाहिले, तर दहांपैकी आठ-नऊ वेळा दूध असते. बाळ नुसते स्तनाग्र चोखत असते, किंवा घड्याळ लावून दर तीन तासांनीच त्याला पाजले जात असते, किंवा रात्री बाळंतिणीला 'विश्रांती मिळावी' म्हणून बाटली दिली जात असते. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून आलेला फोन याच वाक्याने सुरू झाला होता. तेथे मात्र दूध खरोखरच नव्हते, आणि ते का नव्हते हे शोधण्यात खर्ची पडलेला दिवस माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

पहिलटकरीण, वय सव्वीस, उपनगरातील एका खाजगी प्रसूतिगृहात नैसर्गिक प्रसूती, तिसऱ्या दिवशी घरी. मी गेले तो सहावा दिवस होता. आदल्या संध्याकाळी पाचवीची पूजा झालेली होती. अशा भेटीत मी आधी स्तन पाहत नाही, लंगोट पाहते. आईचे दूध पुरेसे उतरत असेल, तर सहाव्या दिवसापर्यंत चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर, फिकट रंगाची लघवी होते आणि शी पिवळी होते. येथे लंगोटावर विटकरी डाग होते आणि शी अजून काळपट हिरवी होती. जन्मतः 2900 ग्रॅम असलेले बाळ माझ्या काट्यावर, सगळे कपडे काढून, 2580 ग्रॅम भरले. पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट समजून घेता येते, पण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर काटा वर सरकू लागला पाहिजे. येथे घट अकरा टक्के होती आणि अजून थांबली नव्हती.

मग तिला पाजायला सांगितले. बाळाने स्तन उत्तम पकडला होता. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर, स्तनमंडलाचा खालचा भाग तोंडात वरच्यापेक्षा जास्त. शिकवताना छायाचित्र काढून ठेवावे, अशी पकड. मात्र गिळण्याचा आवाज नव्हता. दूध उतरलेले असले की बाळाची लय बदलते. सुरुवातीची भराभर चोखणी संपून एक संथ ओढ, क्षणभर थांबलेली हनुवटी आणि घशातला तो बारीक 'क्' ऐकू येतो. हे बाळ दहा मिनिटे भराभर चोखत राहिले, रडले, पुन्हा चोखू लागले आणि शेवटी थकून झोपले. स्तन मऊ होते; प्रसूतीनंतर येणारा जडपणा तिला एकदाही जाणवला नव्हता. हाताने दूध काढून पाहिले, तर दोन्ही बाजूंनी मिळून जेमतेम अर्धा चमचा आले आणि तेही चिकाच्या पिवळ्या रंगाचे.

दरम्यान घराने काय कमी केले होते? ओट्यावर अळिवाची खीर, डब्यात डिंकाचे आणि मेथीचे लाडू, जेवणात शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशोपा, दुधात शतावरी कल्प, आणि या सर्वांवर प्रसूतिगृहाने दूध वाढावे म्हणून लिहून दिलेली डोमपेरिडोनची गोळी दिवसातून तीन वेळा. मला या पदार्थांचा राग नाही. रक्त गेलेल्या बाईला अळिवातले लोह आणि लाडवातले तूप हवेच असते, आणि कुणीतरी आपल्यासाठी खीर ढवळत उभे आहे, ही जाणीव तर त्याहून हवी असते. माझा राग आहे तो दूध न येणे हा केवळ स्वयंपाकघराचा प्रश्न मानण्यावर. खीर खाऊनही दूध आले नाही की दोष आपोआप बाईकडे जातो. 'ती मनाला फार लावून घेते,' असे सासूबाईंनी मला दारातच सांगितले होते, आणि डिस्चार्जच्या कागदावर प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनीही जवळजवळ तेच लिहिले होते. त्याच कागदावर पावडरच्या एका डब्याचे नाव रबरी शिक्क्याने उमटवलेले होते. बाळांच्या पावडर-दुधाविषयीचा 1992 चा कायदा आणि त्यातली 2003 ची दुरुस्ती यांनी अशा डब्यांच्या जाहिरातीवर आणि वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना दिल्या जाणाऱ्या भेटींवर बंदी घातलेली आहे. असा शिक्का म्हणजे त्या कायद्याच्या हेतूलाच हरताळ फासणे होय.

तेवढ्यात मालिशवाल्या मावशी आल्या. या मावश्यांशी माझे जुने वैर आहे. त्या बाळाच्या छातीतून 'दूध' पिळून काढतात, पहिल्या आठवड्यात घुटी चाटवतात आणि माझ्या समोर मान डोलावून मी गेल्यावर आपलेच खरे करतात. या मावशींनी पिशवी कोपऱ्यात ठेवली, बाळंतिणीकडे पाहिले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, 'दुधाचं काय घेऊन बसलात, पोटच बसलं नाही पोरीचं. दोन दिस बांधतेय मी, वरती गोळा तस्साच.'

प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काढल्यामुळे या वाक्याचा अर्थ मला लगेच लागला: गर्भाशय आकसून खाली उतरलेले नव्हते. दूध 'भरून येण्याची' सुरुवात स्तनात होत नाही, ती वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव, पडण्याने होते. गरोदरपणात वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दुधाला रोखून धरते. वार बाहेर पडली की ते वेगाने उतरते, दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते आणि दोन-तीन दिवसांत स्तन भरून येतात. वारेचा एखादा जिवंत तुकडा आत राहिला, तर शरीराच्या लेखी बाळंतपण पुरते झालेलेच नसते. अशा वेळी डोमपेरिडोन देऊन प्रोलॅक्टिन कितीही वाढवले, तरी अडसर दुसऱ्याच दाराला असतो.

मी हात धुऊन पोट तपासले. सहाव्या दिवशी गर्भाशय नाभी आणि जांघेचे हाड यांच्या साधारण मध्यावर उतरलेले आणि हाताला घट्ट लागायला हवे. हिचे नाभीच्या जेमतेम एक बोट खाली होते आणि दाबल्यावर मऊ लागत होते. 'अंगावरून किती जातंय?' या प्रश्नावर तिने सासूबाईंकडे पाहिले. 'जायचंच ते बाळंतपणात,' असे उत्तर त्यांनीच दिले. तिला बाथरूमपाशी नेऊन एकटीला विचारले, तेव्हा कळले की दर तीन तासांनी पॅड बदलावा लागतो, रक्त अजून ताजे लाल आहे आणि सकाळी लिंबाएवढी गुठळी पडली होती. पाजताना पोटात येणाऱ्या कळाही तिला कधी जाणवल्या नव्हत्या. हे तिने कोणालाच सांगितले नव्हते, कारण सगळे फक्त दुधाबद्दल विचारत होते.

बाळाला थांबायला वेळ नव्हता. घरात दुधाची बाटली उकळून तयार होती, पण ती बाजूला ठेवून मी पावडरचे दूध वाटीत काढले आणि सहा नंबरची बारीक फीडिंग ट्यूब घेतली. तिचे एक टोक वाटीत बुडवून दुसरे स्तनाग्रालगत चिकटपट्टीने असे बसवले की बाळ स्तन चोखेल, तेव्हा नळीतून दूध येईल. त्यामुळे बाळाचे पोट भरते, त्याची स्तनाची सवय मोडत नाही आणि स्तनाला मिळणारी चालनाही थांबत नाही. नळी किती वर धरायची, हे हातालाच कळावे लागते. वाटी उंच गेली की दूध नुसते ओतले जाते आणि बाळ चोखायचे सोडते. पंचेचाळीस मिलिलिटर त्याने असे घेतले आणि घरातल्यांनी प्रथमच गिळण्याचा आवाज ऐकला. पुढच्या वेळांसाठी सासूबाईंना बोंडल्याने पाजायला दाखवले. त्यांच्या हाताला ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

सायनला दूधपेढी आहे, तिथले आईचे दूध मिळणार नाही का, असे नवऱ्याने विचारले. प्रश्न रास्त होता. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केलेली ती पेढी आशियातील पहिली. पण 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेले ते दूध मुख्यतः अतिदक्षता विभागातल्या अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी राखलेले असते. पूर्ण दिवसांच्या, घरी असलेल्या बाळाच्या वाट्याला ते येत नाही.

मग प्रसूतिगृहाला फोन. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आधी 'टेन्शन घेऊ नका म्हणावं,' असे सांगितले. मी गर्भाशयाची उंची सांगितली, तेव्हा 'तुम्ही लॅक्टेशनवाल्या ना?' असा प्रश्न आला आणि सोमवारी तपासणीला यायला सांगून फोन ठेवला गेला. त्या दिवशी गुरुवार होता. मी चिठ्ठी लिहिली आणि ती लिहिताना दुधाचा उल्लेख मुद्दाम शेवटच्या ओळीत टाकला. वरच्या ओळींत प्रसूतीचा सहावा दिवस, गर्भाशय नाभीखाली एक बोट, मऊ, लाल रक्तस्राव, गुठळ्या, वारेचा अंश राहिल्याची शंका, एवढेच. 'दूध येत नाही' हे शब्द वर दिसले की कागद वाचणाऱ्याची मान बालरोग विभागाकडे वळते, हे अनुभवाने ठाऊक आहे. एवढे करूनही महापालिका रुग्णालयाच्या खिडकीवर तिला आधी बालरोग ओपीडीचाच रस्ता दाखवण्यात आला. बाळ एका विभागाचे, गर्भाशय दुसऱ्याचे आणि स्तन गाठ किंवा पू झाल्यावर तिसऱ्याचे; दूध नेमके कोणाचे, हे आपल्या रुग्णालयांत ठरलेलेच नाही. सुदैवाने स्त्रीरोग विभागातल्या एका तरुण निवासी डॉक्टरने चिठ्ठी नीट वाचली, मला उलट फोन करून दोन प्रश्न विचारले आणि तासाभरात सोनोग्राफी करवली. गर्भाशयात सुमारे तीन सेंटिमीटरचा तुकडा होता, त्यात रक्तप्रवाहही दिसत होता. हिमोग्लोबिन 8.4. बाळाला बालरोगतज्ज्ञांनी पाहिले. अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले सोडियम वाढते; त्याचे ते ठीक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा काढला गेला. पुढे आलेल्या पॅथॉलॉजी अहवालातही तो वारेचाच असल्याचे नमूद होते. रविवारी पहाटे तिने स्वतः फोन केला. 'मॅडम, ब्लाउज भिजलाय. दगड झालेत नुसते, हात लावू देईनात.' एरवी असा फोन आला की मी गरम शेक, हलका हात आणि लगेच पाजणे या सूचना देते. त्या दिवशी सूचना द्यायला थोडा उशीर झाला. त्यानंतर काम नेहमीचेच होते: चोवीस तासांत आठ-दहा वेळा पाजणे, प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते म्हणून रात्रीचे पाजणे मुळीच न चुकवणे, आणि वजन पाहून वरचे दूध हळूहळू काढून घेणे. बाळ महिन्याचे होण्याआधीच ती नळी आणि पावडरचा डबा दोन्ही बाजूला झाले. सासूबाईंच्या मते अळीव जरा उशिरा लागू पडले.

मला राहून राहून त्रास होतो तो डिस्चार्जच्या कागदावरच्या एका छापील ओळीचा. 'वार व पडदे संपूर्ण बाहेर' असे त्यात आधीच छापलेले होते, पुढे खुणेचीही गरज नव्हती. आम्हाला वार तपासायला शिकवले, तेव्हा ती नळाखाली धुऊन, दोन्ही तळहातांवर पसरून, तिचे एकेक दल, म्हणजे भाग, शेजारच्या दलाला नीट मिळते का, हे पाहायला लावत. मग वारेला जोडलेला, बाळाभोवतीच्या पिशवीचा पडदा उजेडासमोर धरायचा आणि कडेला एखादी रक्तवाहिनी मध्येच तुटून गेली आहे का, ते बघायचे, कारण तशी दिसली तर एखादे सुटे दल आत राहिल्याचा संशय धरायचा. सगळे काम दोन-तीन मिनिटांचे. त्या प्रसूतिगृहात ते झाले की नाही, हे मला सांगता येणार नाही. नीट तपासूनही तुकडा निसटू शकतो, हे खरेच आहे. पण छापील ओळीमुळे तो प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही. मी त्यांना तसे लिहिले. बाळ आता आईच्याच दुधावर आहे ना, मग तक्रार कसली, असे उत्तर आले.

आमच्या क्षेत्रालाही मी यातून मोकळे सोडत नाही. दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भिंतीभिंतीवर 'प्रत्येक आईला दूध असतेच' अशी पत्रके लागतात आणि थोडक्या दिवसांचे वर्ग करून आलेल्या नव्या समुपदेशक मुली हे वाक्य पाठ करून घरोघर जातात. त्यांची पकड शिकवण्याची हातोटी चांगली असते, पण पोटाला हात लावण्याची त्यांना परवानगी नसते आणि अंगावरून किती जाते, हे विचारायला त्यांना कोणी सांगितलेले नसते. चौथ्या दिवशीही स्तन भरले नसतील, तर पकडीइतकीच चौकशी रक्तस्रावाची, वारेची, थायरॉइडची आणि प्रसूतीच्या वेळी किती रक्त गेले याचीही व्हायला हवी, एवढे मी माझ्यापुरते प्रत्येक वर्गात सांगते. मालिशवाल्या मावशींचा नंबरही मी घेऊन ठेवला आहे. घुटीवरून आमचे भांडण अजून मिटलेले नाही.

शेवटच्या भेटीत त्या मुलीने विचारले की पुढच्या बाळंतपणात पुन्हा असे होईल का. एकदा वार अडकली की पुढच्या वेळी तशी शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे मी तिच्यापासून लपवले नाही. तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून दिले: मागील प्रसूतीत वारेचा अंश राहिला होता, वार समक्ष तपासावी. ती फाइल प्रसूतिकक्षात तिच्याबरोबर आत जाईल याची जबाबदारी मी सासूबाईंवर सोपवली आहे.