वाहनमुक्त माथेरान आणि शाश्वत पर्यटनाचा अभ्यास

महाराष्ट्रातल्या पर्यटनाच्या वर्गांत शाश्वत पर्यटनाचे उदाहरण मागितले की माथेरानचे नाव लवकर येते, आणि त्यात गैर काही नाही. मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या या डोंगरावर गाड्या जिथे उभ्या कराव्या लागतात त्या दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही, २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला आहे आणि आजूबाजूच्या थंड हवेच्या ठिकाणांची जी गत झाली ती पाहिली की इथले जंगल अजून कसे टिकून आहे याचे खरोखर अप्रूप वाटते. पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या लघुप्रबंधासाठी मी माथेरान निवडले ते याच कारणाने. विषयाच्या शीर्षकात ‘शाश्वत पर्यटन’ आणि ‘समाजावरील परिणाम’ असे दोन भाग होते. पहिल्या भागाचे उत्तर बऱ्यापैकी तयार आहे आणि दुसऱ्यासाठी थोड्याफार मुलाखती घ्याव्या लागतील, अशी या विषयाची सर्वसाधारण मांडणी असते. प्रत्यक्ष काम करताना माझे मत असे झाले की माथेरानमध्ये हे दोन भाग वेगळे करताच येत नाहीत, कारण तिथली मोटारबंदी शंभराहून अधिक वर्षे माणसांच्या आणि घोड्यांच्या अंगमेहनतीवर चालत आली आहे.

अभ्यासक्रमात काय शिकवतात ते थोडक्यात सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन आणि पर्यावरण संस्थांनी २००५ साली केलेली व्याख्या पायाभूत मानली जाते. पर्यटनाच्या आजच्या आणि उद्याच्या आर्थिक, सामाजिक व पर्यावरणीय परिणामांची पूर्ण दखल घेणारे आणि पर्यटक, व्यवसाय, निसर्ग व यजमान समाज या सर्वांच्या गरजा पाहणारे पर्यटन म्हणजे शाश्वत पर्यटन, असा तिचा आशय आहे. त्यानंतर धारणक्षमता येते, म्हणजे एखादी जागा किती माणसे पेलू शकते याचा हिशेब. बटलर यांनी १९८० साली मांडलेले पर्यटनस्थळाचे जीवनचक्र येते आणि यजमानांची भावना उत्साहाकडून उदासीनतेकडे, पुढे चिडीकडे आणि शेवटी उघड वैराकडे कशी सरकते हे सांगणारी डॉक्सी यांची १९७५ ची श्रेणी येते. पर्यटकाने खर्च केलेल्या पैशांपैकी किती रक्कम गावात राहते आणि किती बाहेर झिरपते, हाही प्रश्न असतो. ही सगळी साधने उपयोगाची आहेत. त्यांच्यामुळे प्रश्न नेमके विचारता येतात. मात्र त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एक गृहीतक असते, की आधी गाव होते आणि मग तिथे पर्यटक आले.

माथेरानचे तसे नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर इंग्रजांच्या नजरेस आणला, त्यानंतर इंग्रज अधिकाऱ्यांचे आणि मुंबईतल्या धनिकांचे बंगले उभे राहिले आणि सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशांतून उभारलेली नेरळ-माथेरान गाडी १९०७ साली सुरू झाली. बाजारपेठेतली वस्ती या बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या गरजेतून वाढली. पाणी भरणारे, ओझी वाहणारे, घोडेवाले, न्हावी, चांभार, स्वयंपाकी असे लोक निरनिराळ्या ठिकाणांहून येऊन इथे राहिले. स्वातंत्र्यलढ्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल याच माथेरानात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात जन्मले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आज साडेचार हजारांच्या आसपास लोकवस्ती असलेल्या या गावात ‘पर्यटनापूर्वीचे जीवन’ अशी तुलना करायला बाजारपेठेतल्या कुटुंबांकडे काही नाही. ती तुलना होऊ शकते ती डोंगरउतारावरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांमध्ये, ज्यांचे जंगलाशी नाते मॅलेटसाहेबांच्या आधीचे आहे आणि जिथली माणसे आजही चढ चढून माथ्यावर कामाला येतात. तरीही ‘स्थानिक समाज’ म्हणून अहवालांत ज्यांची मते नोंदवली जातात त्यांत हॉटेलमालक आणि दुकानदार जास्त असतात आणि या वाड्यांतली माणसे कमी असतात.

आता हातरिक्षांविषयी लिहिते, कारण माझ्या प्रबंधाचा मोठा भाग त्यांनीच व्यापला. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत सुमारे अडीच-तीन किलोमीटरचा रस्ता आहे. ज्याला चालवत नाही आणि घोड्यावर बसवत नाही, त्याच्यासाठी हातरिक्षा. एक जण पुढून ओढतो, चढावर मागून एक-दोघे ढकलतात, आणि उतारावर तेवढ्याच ताकदीने गाडी रोखून धरावी लागते. रोखून धरण्याचे काम ओढण्याहून अवघड असते, गुडघे त्यातच जातात, असे या कामात आयुष्य घालवलेल्या एका काकांनी मला समजावून सांगितले. पावसाळ्यात लाल माती निसरडी होते. हे काम करणारी माणसे थोडी, शंभराच्या आतबाहेर, आणि त्यांतली पुष्कळशी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली. मुलाने हे काम करावे असे एकाही वडिलांनी मला सांगितले नाही.

पर्यावरणाच्या नोंदवहीत माथेरानची वाहतूक ‘प्रदूषणविरहित’ म्हणून दिसते. ती खरेच प्रदूषणविरहित आहे, पण त्या नोंदीला दुसरी बाजूही आहे, आणि ती बाजू मोजण्याचा रकाना आमच्या कोणत्याही निर्देशांकात नव्हता. धूर वाचवण्याची किंमत हॉटेलने दिली नाही आणि पर्यटकानेही फारशी दिली नाही. ती ज्याची मिळकत सर्वांत कमी, त्याच्या शरीराने दिली. शाश्वततेचा असा कोणताही हिशेब मला पुरा वाटत नाही, ज्यात एखाद्या नियमाचा लाभ सगळ्यांना आणि भार ठरावीक घरांना मिळतो.

या प्रश्नाला तोंड फुटले ते माथेरानमधल्याच लोकांच्या पाठपुराव्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. २०२४ साली न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या वीसपर्यंत मर्यादित ठेवून त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच, त्यांचा रोजगार जातो म्हणून, द्याव्यात असे सांगितले. मग त्या खरोखर त्यांनाच मिळाल्या का, यावरून नवा वाद उभा राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही पद्धत मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरवली, ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला आणि गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना आखण्यास राज्य सरकारला सांगितले. निधी नाही ही सबब चालणार नाही, हेही त्यात आले. मी हा निकाल वाचला तो पाठ्यपुस्तक वाचावे तसा. पर्यावरण आणि प्रतिष्ठा यांपैकी एक निवडा, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. दोन्ही एकाच वेळी सांभाळले पाहिजे आणि त्यासाठी पैसा सरकारने उभा करावा, असे म्हटले आहे. शाश्वततेच्या व्याख्येत जो समतोल आपण परीक्षेपुरता लिहितो, त्याला इथे मुदत आणि जबाबदार यंत्रणा मिळाली.

अभ्यासाच्या पद्धतीविषयीही लिहायला हवे, कारण पुढे हा विषय घेणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. पर्यटनाचे सामाजिक परिणाम मोजण्यासाठी बहुधा पाच पर्यायांची प्रश्नावली वापरतात. ‘पर्यटनामुळे माझे जीवनमान सुधारले आहे’ या विधानापुढे पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत यांपैकी एका चौकोनात खूण करायची. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे सगळ्या घरांची चूल पर्यटकांवर पेटते, तिथे या विधानाला असहमत कोण होणार? आलेले उत्तर खोटे नसते, पण त्यातून कळतही काही नाही. त्याऐवजी ‘गेल्या पावसाळ्यात उधारी किती दिवस चालली’, ‘आजारी पडल्यावर काम कोणी केले’, ‘मुलगी दहावीनंतर कुठे शिकते आणि रोज कशी जाते’ असे प्रश्न विचारले की माणसे बोलू लागतात. शिवाय वेळ. गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या माणसाला अर्धा तास बसवून ठेवणे म्हणजे त्याच्या खेपेवर घाला घालणे, म्हणून हातरिक्षावाल्यांशी आणि घोडेवाल्यांशी बोलणे मी संध्याकाळनंतरच ठेवले. प्रश्नावली ‘कुटुंबप्रमुखा’कडून भरून घेण्याची पद्धतही सोडावी लागली. घरातल्या खोल्या पर्यटकांना देणे, त्यांचे जेवण रांधणे, हॉटेलांतल्या चादरी धुणे, चिक्की आणि चपला विकणे ही कामे बायका करतात, आणि कुटुंबप्रमुखाच्या उत्तरात ती ‘घरकाम’ या एका शब्दात संपून जातात.

डॉक्सी यांच्या श्रेणीबद्दल माझा आक्षेप याच मुलाखतींतून तयार झाला. या श्रेणीत राग यजमानाकडून पाहुण्याकडे वाहतो. माथेरानमध्ये मला पर्यटकांविषयी राग फारसा दिसला नाही. कचऱ्याविषयी आणि रात्रीच्या आरडाओरड्याविषयी तक्रारी होत्या, तेवढेच. खरा ताण एका व्यवसायाचा दुसऱ्याशी होता. मार्च २०२५ मध्ये दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते या मुद्द्यावरून गावाने बंद पाळला. त्यात हॉटेलवाले आणि व्यापारी एका बाजूला होते आणि नाक्यावर पोट असलेले दुसऱ्या बाजूला. ई-रिक्षा आल्या तर आपले काय, ही घोडेवाल्यांची भीतीही खरी आहे. परवाना असलेले साडेचारशेच्या आसपास घोडे आणि त्यांच्यामागची कुटुंबे हा काही लहान आकडा नाही. हातरिक्षावाल्याला न्याय देणारा निर्णय घोडेवाल्याच्या हंगामावर परिणाम करू शकतो, आणि दोघेही ‘स्थानिक समाज’च आहेत. ‘स्थानिकांचा सहभाग’ असे लिहिताना कोणत्या स्थानिकाचा, हे सांगितलेच पाहिजे.

रस्त्याचे उदाहरण घ्या. लाल मातीचे रस्ते पावसात वाहून जातात, म्हणून पेव्हर ब्लॉक बसवावेत असे काहींचे म्हणणे, तर त्यांवरून घोडे घसरतात आणि डोंगराचे रूप बिघडते असे इतरांचे म्हणणे. ई-रिक्षेला सपाट रस्ता लागतो. घोड्याला माती लागते. म्हणजे रस्त्यावर काय अंथरायचे, या बांधकाम खात्याच्या वाटणाऱ्या प्रश्नातून पुढच्या वीस वर्षांत कोणता धंदा टिकेल हे ठरणार आहे. न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना मुभा दिली आणि आतले रस्ते व पायवाटा त्यांतून वगळल्या. मला हा मार्ग समंजस वाटतो, पण त्याचे सामाजिक परिणाम कोणी मोजत असल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही.

आणि रहिवासी? पर्यटकाला मोटारबंदी दोन दिवसांची मौज असते, गावकऱ्याला ती बारा महिने असते. रुग्णवाहिकेचा अपवाद सोडला तर गॅसचे सिलिंडर, भाजी, सिमेंट, सगळे घोड्यावर, हातगाडीवर किंवा डोक्यावर येते आणि म्हणून महाग पडते. २०१९ च्या पावसात नेरळ-माथेरान गाडीचा मार्ग वाहून गेला आणि ती पूर्ववत व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. पर्यटनाच्या अहवालांत ही गाडी ‘वारसा’ या सदरात येते. दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची शटल गावातल्या म्हाताऱ्यांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी मात्र रोजची वाहतूक आहे. ई-रिक्षेच्या प्रयोगाचे स्वागत सर्वांत मोकळेपणाने केले ते मुलांच्या पालकांनी आणि वृद्धांनी, पर्यटकांनी नव्हे.

हा विषय पुढे घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की माथेरानमध्ये आता जो बदल होतो आहे त्याच्या नोंदी तो घडत असतानाच घ्याव्यात. हातरिक्षा सोडलेल्या प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न, कर्ज आणि आरोग्य यांची आजची स्थिती लिहून ठेवली पाहिजे; ई-रिक्षेचे भाडे, तिच्या बॅटरीचा खर्च आणि दिवसाअखेर हातात उरणारी रक्कम यांचा हिशेब दोन हंगाम तरी ठेवला पाहिजे; घोडेवाल्यांच्या खेपा किती कमी होतात हे त्यांच्याच वह्यांतून पाहिले पाहिजे; उतारावरच्या वाड्यांतून माथ्यावर कामाला येणाऱ्या बायकांची मजुरी बदलते का, हेही तपासले पाहिजे. ज्यांनी आयुष्यभर हातरिक्षा ओढली ती माणसे आता वयस्कर आहेत, काही जण गाव सोडून मुलांकडे जाण्याच्या तयारीत आहेत, आणि पुनर्वसनाची योजना यशस्वी झाली की नाही हे ठरवायला त्यांच्या आजच्या नोंदीखेरीज दुसरा आधार नाही.