नॉयशोनाउचं उरल घुबड: कसं जावं, कुठे पाहावं

जर्मनीतल्या बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानाच्या नॉयशोनाउ इथल्या प्राणीक्षेत्रात बहुतेक जण अस्वल, लांडगे आणि लिंक्स (रानमांजर) पाहायला येतात. उरल घुबडाच्या पिंजऱ्यात काहीच नाही असं समजून मिनिटभरात पुढे सरकतात. घुबड असतं, पण खोडाला लगटून डोळे मिटून बसलं की अंगावरच्या गडद उभ्या रेघा झाडाच्या सालीत मिसळून जातात. म्हणून आधी जमीन पाहा. विष्ठेचे पांढरे ओघळ किंवा न पचलेल्या केस-हाडांच्या करड्या गोळ्या दिसल्या की तिथून सरळ वर नजर न्या. तीच त्याची नेहमीची बसायची जागा.

लांबी साधारण 60 सेंमी, पंखांचा पसारा सव्वा मीटरच्या आसपास, गोल राखाडी चेहरा, पिवळी चोच, लांब पट्टेरी शेपटी. डोळे काळपट तपकिरी. नारिंगी डोळे आणि डोक्यावर पिसांचे तुरे दिसले तर ते युरेशियन गरुड घुबड, आपल्याकडच्या शृंगी घुबडाचं जवळचं नातलग. तेही याच क्षेत्रात आहे.

या पिंजऱ्यापाशी वेळ काढायलाच हवा, कारण या जंगलातून हा पक्षी पूर्ण नाहीसा झाला होता. इथलं शेवटचं घुबड 1926 च्या सुमारास मारलं गेलं. 1970 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1975 पासून पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं जंगलात सोडायला सुरुवात झाली. पुढच्या तीन दशकांत दोनशेहून अधिक पक्षी सोडले गेले. सीमेपलीकडे चेक बाजूच्या शुमावा जंगलातही 1990 च्या दशकात असंच काम सुरू झालं. अडचण होती घरट्याची. हे घुबड घरटं बांधत नाही. शेंडा मोडलेल्या उभ्या खोडाच्या खोलगट टोकात, मोठ्या ढोलीत किंवा शिकारी पक्ष्याच्या जुन्या घरट्यात ते अंडी घालतं. तशी म्हातारी झाडं कमी उरली होती, म्हणून मोठ्या लाकडी पेट्या टांगाव्या लागल्या. 1983 च्या वादळानंतर मात्र उद्यानाच्या गाभ्यातली पडलेली झाडं न उचलता तशीच राहू दिली. तेव्हा वाटेत मोडकी, वाळलेली खोडं दिसली तर त्यांना निष्काळजीपणा समजू नका.

मुख्य खाणं उंदीर. बीच नावाच्या झाडांना बिया भरघोस आल्या की पुढच्या वर्षी उंदीर वाढतात आणि घुबडाची पिल्लंही. उंदरांचा दुष्काळ असेल त्या वर्षी बऱ्याच जोड्या अंडीच घालत नाहीत.

एक इशारा जंगलवाटांसाठी. पिल्लं साधारण पाच आठवड्यांची झाली की उडता येण्याआधीच घरट्याबाहेर येतात आणि चोच-नख्यांनी झाडावर परत चढतात. मे-जूनमध्ये असं पिल्लू जमिनीवर दिसलं तर उचलू नका. ते अनाथ नसतं, आणि आई थेट तोंडावर झडप घालते.

फोटो जाळीतून काढावा लागतो. भिंग शक्य तितकं जाळीजवळ न्या, अॅपर्चर (भिंगाचं छिद्र) पूर्ण उघडा, 200 मिमी किंवा जास्त फोकल लांबी ठेवा आणि घुबड मागच्या बाजूला बसेपर्यंत थांबा. जाळीवर ऊन पडलं असेल तर चित्र धुरकट येतं, म्हणून सावलीतली बाजू निवडा. ऑटोफोकस जाळीवरच अडकतो. हाताने फोकस करा. फ्लॅश अजिबात नको.

प्रवेश मोफत, क्षेत्र वर्षभर खुलं, पार्किंगला पैसे. पूर्ण फेरी सुमारे 7 किमी, तीन ते चार तास लागतात. म्युनिकहून मोटारीने ए-92 ने डेगेनडॉर्फ, मग ए-3 वरून हेंगर्सबर्गला बाहेर पडून ग्राफेनाउमार्गे या. रेल्वेने प्लाटलिंग आणि झ्वीझेलला गाडी बदलून ग्राफेनाउ, पुढे इगलबुस, म्हणजे उद्यान परिसरातली बस. बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं रेल्वे तिकीट, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं, त्यामुळे त्या दिवशी पोहोचेपर्यंत दुपार होते आणि घुबड झोपलेलं असतं. शनिवार-रविवारी पहाटे निघा किंवा जवळच्या गावात मुक्काम करा. बऱ्याच गावांत पाहुण्यांना मिळणाऱ्या कार्डावर बस-रेल्वे फुकट असते. दिवेलागणीला घुबड हालचाल करू लागतं, पण परतीची शेवटची बस त्याआधीच निघून जाऊ शकते. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा. हिवाळ्यात बसफेऱ्या कमी होतात आणि वाटेवर बर्फ घट्ट होतो, तेव्हा बुटांना लावायचे खिळे सोबत घ्या.