आठवडा सहावा: ‘पासून’नं घात केला

मंडळी, माझं इंग्रजी शिकणं चालू आहे. मागच्या नोंदीत क्रियापदाला एस लावायला विसरण्याचं रडगाणं गायलो होतो. ते आता बरंच आटोक्यात आलंय. करतो, करतोस, करते, करतात असं आपलं क्रियापद माणसागणिक फिरतं. इंग्रजीत ही, शी, इट यांच्यापुरताच काय तो एक एस. तोही प्रश्न विचारताना ‘डझ’मध्ये जाऊन बसतो. म्हणून ‘डझ शी वर्क’. ‘वर्क्स’ नाही. वहीत याच्या चार पानं ओळी झाल्यात.

या आठवड्याची भानगड निराळी. रविवारी कंबर तलावावर आमच्या यंत्रमागवाल्या मामांशी फक्त इंग्रजीत बोलायचं ठरलं. मामांनी विचारलं, सोलापुरात किती वर्षं? मी ठोकून दिलं, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स.’ मामांनी मान डोलावली. घरी येऊन तपासलं, तर एका वाक्यात दोन चुका!

‘वीस वर्षांपासून राहतोय’ म्हटलं की मराठीचं काम भागतं. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीसाठी ‘हॅव’ लागतंच: ‘आय हॅव लिव्ड हिअर’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’. शिवाय सिन्सपुढे सुरुवात कधी झाली ते सांगायचं, म्हणजे २००५ साल, सोमवार, गड्ड्याची जत्रा. किती काळ लोटला ते सांगायचं तर फॉर. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे बिनदिक्कत चालतं, तिथंच फसलो. मामांच्या घरी तेलुगू. त्यांचं ‘नुंची’ही तसंच चालतं म्हणे. दोघंही एकाच खड्ड्यात, कोण कुणाला काढणार!

उलटी गंमतही सापडली. ‘तो काल आलाय’ आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की ‘हॅज कम’ बाद, सरळ ‘केम’.

रेल्वेचं एक वाक्य मात्र पहिल्या फटक्यात जमलं. ‘द सिद्धेश्वर एक्सप्रेस लीव्हज ॲट नाइट’, कारण ते वेळापत्रक. ‘आय ॲम लीव्हिंग टुनाइट’, कारण तो माझा ठरलेला बेत. दोन्हीकडे काळ वर्तमान आणि गाडी अजून सुटायचीच आहे. ‘अंडरस्टँड’, ‘नो’ (म्हणजे माहीत असणं), ‘बिलीव्ह’ यांना आयएनजी लावायची सवय अजून सुटलेली नाही. मला समजतंय, पण ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणायचं नाही, हे जिभेला कोण सांगणार?

काल बायकोनं खालून हाक मारली. मी वरूनच ओरडलो, ‘आलो, आलो!’ आणि जागचा हललोच नाही. न येताच भूतकाळ! इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’ म्हणावं लागलं असतं. वहीत टिपून घेईपर्यंत दुसरी हाक आली.