‘शेड’ची फाटाफूट

‘लोडशेडिंग’चा अर्थ महाराष्ट्रात कुणाला शिकवावा लागत नाही. सरकारी पत्रकात भारनियमन छापून येतं, पण पंखा थांबला की तोंडात येतं ते लोडशेडिंगच. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ग्रिडची वारंवारता 50 हर्ट्झच्या खाली घसरू लागते. ती सावरायला काही फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, बंद करून भार उतरवतात. म्हणजे शेड करणं म्हणजे अंगावरचं टाकून देणं. झाडं पानं टाकतात, साप कात टाकतो, डाएटवाले किलो टाकतात (निदान तसं सांगतात).

हा अर्थ मात्र या क्रियापदाच्या उतारवयातला. जुन्या इंग्रजीत ते वेगळं करणं, विभागणं या अर्थाने वापरत. बऱ्यावाईटाची निवड करणंही त्यातच येई. जर्मन ‘शायडन’ हा त्याचा सख्खा भाऊ, आणि जर्मनीत घटस्फोटाला आजही ‘शायडुंग’च म्हणतात. इंग्रजीत पुढे वेगळं करण्याचं पांगवणं झालं, पांगवण्याचं सांडणं झालं. रक्त नि अश्रू सांडून झाल्यावर केस, पिसं आणि पानं गळायला लागली.

ज्यांचं पोट वेगळं करण्याच्या कामावर होतं, त्यांनी जुना अर्थ सोडला नाही. विणकरांचंच बघा. मागाच्या तीन मुख्य क्रियांमधली पहिली शेडिंग. साध्या विणीत ताण्याचे, म्हणजे मागावर लांबीत ताणलेले, अर्धे धागे वर उचलायचे, अर्धे खाली घ्यायचे. मधे जी फट पडते ती शेड. तिच्यातून बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन धोटा पलीकडे जातो, फणी तो धागा ठोकून बसवते, वरचे धागे खाली येतात, खालचे वर जातात आणि पुढची शेड उघडते. एखादा सैल धागा फटीत लोंबकळत राहिला, तर धोटा त्याच्या भलत्याच बाजूने जातो आणि तिथे कापडावर न विणलेला धागा मोकळा सुटतो. म्हणून फट वाजवीपेक्षा मोठी करून ठेवावी, तर ताण्यावर ओढ येऊन धागे तुटतात. इचलकरंजीत माग ज्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे असतात, ती शेड मात्र निराळ्या कुळातली. तिचं नातं सावलीच्या ‘शेड’शी.

‘वॉटरशेड’मध्येही निवारा नाही, वाटणीच आहे. जर्मन शब्दाच्या धर्तीवर तो इंग्रजीत आला, तो पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या रेघेसाठी. महाबळेश्वरच्या माथ्यावरून कृष्णा बंगालच्या उपसागराकडे निघते आणि सावित्री बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. मधला कडा हा वॉटरशेड. अमेरिकेत मात्र रेघ सोडून तिच्या आतल्या सगळ्या क्षेत्राला वॉटरशेड म्हणू लागले. आपल्या पाणलोट विकासाच्या कागदांत हाच अमेरिकी अर्थ आहे.

जुना अर्थ डोळ्यांनी बघायचा असेल तर ब्रिटनमधल्या मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धा बघाव्यात. वेल्समधल्या बाला इथे 1873 साली त्यांतली एक गाजलेली सुरुवात झाली. आंतरराष्ट्रीय अंतिम फेरीत 20 मेंढ्या असतात, त्यांतल्या 5 जणींच्या गळ्यात पट्टे. सुमारे 36 मीटर व्यासाच्या रिंगणात बिनपट्ट्याच्या 15 बाजूला काढायच्या, याला शेडिंग म्हणतात. मालक एका बाजूला, कुत्रा समोर, मधे कळप. दोघांनी हळूहळू कळपाची लांबट रांग करायची आणि नेमक्या दोन मेंढ्यांमध्ये फट पडली की मालकाने कुत्र्याला त्या फटीतून थेट आपल्याकडे बोलवायचं. आत घुसताच कुत्र्याने ज्या काढायच्या त्यांच्याकडे तोंड वळवून त्यांना रोखून धरायचं.

अवघड आहे ते इथेच. कळपाबाहेरून फेर धरून मेंढ्या गोळा करायच्या, हे कुत्र्याच्या रक्तात असतं आणि शिकवणीतही. आता त्यालाच कळप फोडायला सांगायचं. तो क्षणभर कचरला, तरी फट मिटते, कारण सुटी मेंढी कळपाकडेच धावते. मालकाने घाईने आवाज चढवला, तर कुत्रा फटीऐवजी पुन्हा बाहेरून वळसा घालतो. आणि पट्टेवाली एखादी चुकून बाहेर गेली, तर तिला परत आणून रांग नव्याने लावायची, घड्याळ चालूच असताना.