वढवाण्याच्या पाळीवर पक्षी मोजताना

जानेवारीत बडोद्याला सूर्य सव्वासातनंतर उगवतो. वढवाणा तलाव डभोईच्या पुढे, शहरापासून साधारण 50 किलोमीटरवर. पहाटे पावणेसहाला दांडिया बाजारातून निघालं, तर पहिल्या उजेडाला पाळीवर उभं राहता येतं. साडेदहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते आणि दुर्बिणीतून बदकांऐवजी नुसते हलणारे ठिपके दिसतात. म्हणजे मोजणीला हातात जेमतेम तीन तास.

बडोदा संस्थानाने 1910 च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी हा तलाव बांधला. 2021 पासून तो रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, पण आजही तो सिंचनाचाच तलाव आहे आणि आकडे वाचताना हे विसरून चालत नाही. पाणी काठोकाठ असेल तर उथळ कडा बुडतात. मग शेकाट्या, मालगुजा या चिखलात चरणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही आणि बुड्या मारणाऱ्या लालसरी बदकांची चैन होते. पाणी उतरून चिखल उघडा पडला की नेमकं उलटं. म्हणून वहीत पहिली ओळ पाण्याच्या पातळीची हवी. ती नसेल तर ‘यंदा पक्षी घटले’ या वाक्याला काहीच अर्थ नाही.

चौघांचा गट सर्वांत सोयीचा: एक जण टेलिस्कोपवर, एक लिहायला, एक साध्या दुर्बिणीने आकाशावर नजर ठेवायला आणि एक काठाची झुडपं, पाणवनस्पती धुंडाळायला. टेलिस्कोप 20 ते 25 पटीवरच ठेवा. 60 पटीवर वाऱ्याचा प्रत्येक झोत दिसतो. तिवईच्या मधल्या दांड्याला पाठपिशवी लटकवली की थरथर बरीच कमी होते. ऊन पाठीशी घ्या. समोर असलं तर नर-मादी सगळे काळेच.

मोठा थवा एकेक करून मोजायचा नाही. आधी कडेचे दहा पक्षी मोजा आणि ते पाण्यावर किती जागा व्यापतात ते नजरेत बसवा. तसे दहा तुकडे जोडले की शंभर. आता हा शंभराचा तुकडा थव्यावर सरकवत न्या. चूक होते ती इथे: थव्याच्या मध्यावर गर्दी दाट आणि कडेला विरळ असते, त्यामुळे कडेचंच माप सगळीकडे लावलं तर आकडा हमखास कमी येतो. मध्यासाठी माप नव्याने घ्या. लालसरींच्या बाबतीत तर कोणत्याही क्षणी काही पक्षी पाण्याखाली असतात. दोनदा मोजून मोठा आकडा लिहावा.

वारकरी नावाच्या पाणपक्ष्याकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. काळा देह, कपाळावर पांढरा टिळा. गुजरातीत त्याला ‘भगतडुं’ म्हणतात. दोन्ही भाषांना त्याच्यात भक्तच दिसला, याचं फार अप्रूप वाटतं. पण नेहमीचा म्हणून ‘खूप’ असं लिहून पुढे जाऊ नका, आकडा लिहा.

पट्टकादंब या हंसवर्गीय पक्ष्यांची वेळ वेगळी. रात्री नि पहाटे ते आजूबाजूच्या शेतांत चरतात आणि ऊन वर आलं की पाण्याकाठी विसावतात. सातला केलेली त्यांची मोजणी नऊला पुन्हा करावी. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांमुळे ओळख चुकत नाही. गोंधळ होतो तो लालसरींत. मोठ्या लालसरीच्या नराची चोच लालभडक, डोकं फुगीर नारिंगी. छोटीच्या नराचं डोकं गडद तांबूस, चोचीवर राखाडी पट्टा. नोव्हेंबरमध्ये काही नर अजून मळकट पिसांत असतात, तेव्हा चोचीचा रंगच बघायचा. मोठी लालसरी पश्चिम भारतात तशी विरळ, वढवाण्याला मात्र दर हिवाळ्यात येते. तिची नोंद घाईत होऊ नये.

पाण्याच्या अगदी कडेला उतरू नका. बडोदा परिसरातल्या तलावांत मगरी असतात. शिवाय माणूस पाळीखाली उतरला की थवे दूर सरकतात आणि मागच्या गटाची मोजणी बिघडते.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर गटाची यादी एकानेच भरावी आणि बाकीच्यांना वाटावी. चौघांनी चार स्वतंत्र याद्या टाकल्या, तर तेच पक्षी चारदा नोंदले जातात. दिसलेली प्रत्येक जात नोंदली असेल तरच यादी ‘पूर्ण’ म्हणायची. वेळ आणि चाललेलं अंतर खरंखुरं लिहा. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठीही हीच शिस्त.

आणि दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला की सगळा तलाव एकदम उठतो. तेव्हा अर्धवट आकड्यावर अंदाजाची भर घालू नका. उडत्या थव्याचे दोन-तीन फोटो घ्या, वहीत वेळ लिहा आणि वीसेक मिनिटं थांबा. बदकं परत बसली की तो भाग पहिल्यापासून मोजा. दूरवरची मादी ओळखू आली नाही, तर ‘बदक, जात अनिश्चित’ असं लिहून संख्या टाका.